ताईची सही, माझी सही

सांतांदेर, स्पेन
१० जानेवारी २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बोट तीस तास नुसती हेलकावत होती. खाली मोटरसायकल पट्ट्यांनी आवळून बांधली होती आणि वर मी बंकला धरून होतो. त्यातल्या त्यात तीच मजेत आली.

तुझा आवाज गेल्यापासून फोनचा काही उपयोग नाही आणि अंगठ्याने टाइप केलेलं तुला पत्र वाटत नाही, म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहितो आहे. फोटो तनिषाला पाठवीन, ती तुझ्यासमोर धरेल. पोरगी वर्षभर तुझ्या घरी राहून तुझ्या सगळ्या खोड्या शिकली आहे, तेव्हा तिने मधल्या ओळी गाळल्या तर ओरड. म्हणजे लिहून ओरड.

दीड वर्ष तुझ्याजवळ राहिलो आणि आता अठरा दिवस लांब. उन्हाळ्यात जाईन म्हणालो होतो, तर तू पाटीवर लिहिलंस की उन्हाळ्याचं मी सांगू शकत नाही. थोरली लेक चैत्रालीही रीडिंगहून तुझीच री ओढत होती. म्हणून निघालो. इथून दक्षिणेला सालामांका, सेव्हिल आणि शेवटी टारिफा. तिथे युरोप संपतो.

एकोणतीसला तुझ्या पोटात अन्नाची नळी बसवायची आहे हे मी विसरलेलो नाही. सत्तावीसला घरी असेन. डॉक्टर म्हणाले होते की श्वास आणखी कमी व्हायच्या आत हे व्हायला हवं. तारीख पुढे ढकलू देऊ नकोस.

तनिषाला आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती कमी न व्हावी.

तुझा,
अंबरीश


लीड्स
१२ जानेवारी

चि. अंबरीशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राबरोबरचा तुझा फोटो पाहिला. त्या जाड जॅकेटात तू सुतळीने बांधलेल्या गादीसारखा दिसतोस. तनिषा हसली, मग मीही हसले, मग मला ठसका लागला, म्हणून पुढचा फोटो जरा बेताचा पाठव.

किती मैल झाले आणि पेट्रोल किती लागलं हे मला नको. काय खाल्लंस ते लिही. मला गिळता येत नाही, वाचता येतं. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. शाळेतून आलास की दुसऱ्यांच्या डब्यात काय होतं ते सगळं मला सांगायचास. मी सोळाची, मला दोनच भाज्या येत होत्या. तुझं ऐकून तिसरी शिकले. तसं सांग.

इकडे बर्फ पडलं आणि वितळलं. माझं जेवण म्हणजे भोपळ्याचं सूप, त्यात घट्ट करायची पावडर. वाटीभर सूप संपायला सव्वा तास लागतो. तनिषा तोवर शेजारी बसून कौन्सिलचं काम करते आणि मधून मधून माझी हनुवटी पुसते, जणू टेबल पुसते आहे अशी. फार गुणी आहे.

नळीची काळजी तू करू नकोस. ते मी बघते आहे. तू वळणावर लक्ष ठेव.

हातमोजे दोन जोड घाल. खुशालीचा कागद येत राहू दे.

ताई


सेव्हिल
१७ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी जेवण. कासेरेसला मिगास नावाचा प्रकार खाल्ला. शिळा पाव कुस्करून लसूण आणि तिखटावर परततात, वर अंडं. ती आपल्या फोडणीच्या पोळीची सख्खी बहीण आहे. मालकीण बाई चार वेळा येऊन ताटात डोकावून गेल्या. इथे काल पालक आणि छोले खाल्ले, तर जिऱ्याचा वास आला. मी तसाच बसून राहिलो. रस्त्याच्या कडेला झाडं संत्र्यांनी लगडली आहेत आणि कोणी हात लावत नाही. मी एक तोडून खाल्लं तर जीभ आत वळली. बाकावरच्या आजोबांनी खुणेने सांगितलं की हे खायचं नसतं, हे इंग्लंडला जातं मार्मलेडसाठी.

आता थोडं रस्त्याचं, तुला नको असलं तरी. सालामांकानंतर बेहारचा घाट लागतो. धुकं इतकं की हेल्मेटची काच आतून आणि बाहेरून पांढरी. पाय गुडघ्याखाली आहेत की नाहीत हे उतरल्यावर कळलं. पण ताई, घाट उतरून ऊन लागलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने गात होतो. दीड वर्षात पहिल्यांदा सकाळपासून दुपारपर्यंत तुझा आजार माझ्या डोक्यात आला नाही. हे तुला सांगू की नको असं झालं, पण तुझ्यापासून काय लपवणार?

एकोणतीसची वेळ हॉस्पिटलने कळवली का? तू त्याबद्दल काही लिहीतच नाहीस. परवा टारिफा.

प्रकृतीस जप. आहे हा जिव्हाळा असाच असू दे.

अंबरीश


लीड्स
१६ जानेवारी

चि. अंबरीशास,
अ. उ. आ.

टारिफाला पोचलास की मगच हे पत्र तुला पाठवायचं, असं मी तनिषाला सांगून ठेवलं आहे. तेव्हा तू आता युरोपच्या टोकावर आहेस. खाली बस आणि वाच.

मी नळी बसवून घेणार नाही. सोमवारी हॉस्पिटलला तसं कळवलं. पुढे श्वास अडेल तेव्हा मास्क नको, मशीनही नको. अडतीस वर्षं इंटेन्सिव्ह केअरमध्ये मी माणसांना त्या मशीनवर ठेवलं. ज्यांना हवं होतं त्यांच्यासाठी ते बरोबरच होतं. मला नको आहे. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, मग माझं ऐकून घेतलं. चांगले आहेत.

तुला मुद्दाम लांब पाठवलं. तू समोर असतास तर काही बोलला नसतास. फक्त माझ्याकडे पाहिलं असतंस, आईच्या वेळी पाहायचास तसं. मग मी हो म्हटलं असतं आणि तुझ्यासाठी ती नळी पोटात घालून पडून राहिले असते. मी तुझ्यासाठी पुष्कळ केलं, अंबरीश, आणि आनंदाने केलं. हे मात्र नाही होणार.

एक कागद करायचा असतो, मला हे उपचार नकोत असा. त्यावर मी सही करताना एक साक्षीदार लागतो आणि त्याची सही लागते. कोणीही परकं माणूस चालतं. समोरचे मोहनरावसुद्धा चालतील. पण मला तू हवा आहेस. तुला कळून, माझ्यासमोर बसून तू सही करावीस.

परत येताना घाई करू नकोस. माझ्या हातात अजून महिने आहेत, दिवस नाहीत.

रागावशीलच. रागावून झाल्यावर आपलं म्हण.

ताई


टारिफा
१९ जानेवारी

ताई,

आज वरचे नमस्कार लिहायला हात होत नाही.

तू मला फसवलंस. मी घाटात गाणी म्हणत होतो आणि तू तिकडे हे ठरवून मोकळी झाली होतीस. मला विचारलंही नाहीस. मला घरातून काढून माझ्यामागे दार लावून घेतलंस. आई गेली तेव्हा सांगायला तू होतीस, आता तू मला हे सांगायला युरोपचं टोक शोधलंस.

मी सही करणार नाही. मोहनरावांना बोलाव.

अंबरीश


लीड्स
२० जानेवारी

प्रिय बाबा,
शि. सा. न. वि. वि. (आत्यानी शिकवला.)

तुमचा पत्र मी प्रिंट केली, आत्यानी वाचली. दोनदा वाचली. मग घडी करून उशीखाली ठेवली आणि मला फ्रीजमधला सूप आणायला सांगितला. ती रडली नाही. मी रडले, किचनमध्ये.

तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. मागच्या ट्यूजडेला तिला सूप अडकला. तिचे ओठ निळे झाले. मी पाठीवर मारत होते आणि ओरडत होते. नंतर तिने पाटीवर लिहिलं की सॉरी, तुला घाबरवलं. बाबा, ती मला सॉरी म्हणाली.

मी तिला म्हणाले, मी सही करते, मी ट्वेंटी-सेव्हन आहे, मला अलाउड आहे. तिने लिहिलं, तू नाही. हे तुझ्या हातावर आयुष्यभर राहील. मी विचारलं, मग बाबांच्या हातावर नाही का राहणार? तिने पाटी पुसली. मग लिहिलं, राहील, पण त्याला मी वाढवलंय, त्याला झेपेल.

मलासुद्धा ती हवी आहे. पण तिला कसं हवं आहे ते मी रोज बघते आणि तुम्ही आता बघत नाही. घरी या. भांडू नका, प्लीज.

चुका माफ करा. तुमचा प्रेम राहू दे.

तनिषा


सांतांदेर
२५ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उद्या दुपारची बोट आहे.

टारिफाहून निघालो तो रागातच. सेव्हिलला थांबलो नाही. बेहारला यायच्या आत बर्फ सुरू झालं. महामार्गावर गाड्या अडवत होते, म्हणून मी जुन्या रस्त्याने घुसलो. अगदी मूर्खपणा. एका वळणावर मागचं चाक निसटलं आणि मोटरसायकल माझ्या डाव्या पायावर आडवी झाली. पाय निघेना. किती वेळ गेला ठाऊक नाही, अर्धा तास असेल. तेवढ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी आली. चालकाने मला ओढून काढलं, पाय हलवून पाहिला आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायला फोन काढला. मी नको म्हणालो. त्याने पायाकडे बोट दाखवून पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणालो, मला बहिणीकडे जायचं आहे एवढं मोडकं तोडकं सांगितलं. त्याला ते पटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. तरी त्याने फोन खिशात ठेवला, गाडी उभी करायला हात लावला आणि पिवळा दिवा लावून माझ्यापुढे पार खालच्या गावापर्यंत पायी चालल्यासारखा हळू गेला.

गावात दोन दिवस रस्ता बंद. पाय सुजला, पण मोडलेला नाही. खाणावळीत बसून मी त्या माणसाचा विचार करत होतो. मी कोण, कुठला, त्याला काय माहीत? त्याने मला शहाणपण शिकवलं नाही, माझं ऐकलं आणि मग सोबत केली. ताई, तू माझ्याकडे एवढंच मागितलं होतंस.

टारिफाहून लिहिलेलं मागे घेता येत नाही, पण उशीखालून काढून फाडून टाक. मी सही करीन. तुझ्यासमोर बसून करीन. तेव्हा मी तुझ्याकडे तसं पाहणार नाही असं वचन मात्र देत नाही, ते माझ्या हातात नाही.

खाणावळीत मसूर खाल्ले, तमालपत्र घातलेले, पातळ. बाकीचं आल्यावर सांगेन.

माझ्यावर राग धरू नये. येतोच आहे.

तुझा,
अंबरीश


लीड्स
२ जून

चि. तनिषास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वेम्बलीच्या नव्या घरून आलं. फोनवर विचारवत नाही म्हणून लिहिलंस, मलाही फोनवर सांगवलं नसतं. ताईकडे येताना तुझी गाडी लेट झाली यात तुझा काही दोष नाही. तू निघालीस तेव्हाच उशीर झाला होता.

त्या दिवशी सकाळी ताईने खिडकी उघडायला लावली. साडेनऊला तिला श्वास पुरेना. नर्सने घरी ठेवलेलं औषध आणायला मी खाली गेलो. नवीन केअरर मुलगी घाबरली आणि तिने ९९९ फिरवला. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी वर येऊन औषध दिलं, ताई जरा निवली, तोच दारात ॲम्ब्युलन्सची माणसं. एक तरुण मुलगी आणि एक वयस्क गृहस्थ. त्या मुलीने मास्क बाहेर काढला.

ताई माझ्याकडे पाहत होती. पाटी तिच्या हातातून कधीच सुटली होती.

मी ड्रॉवरमधला कागद काढून त्या मुलीला दिला. तिने घाई केली नाही, सगळा वाचला. खालच्या दुसऱ्या सहीवर बोट ठेवून ही कोणाची विचारलं. मी म्हणालो, माझी, मी धाकटा भाऊ. तिने मास्क बॅगेत ठेवला आणि ताईला उशीवर नीट बसवायला मला मदत केली. ते दोघे जिन्यात थांबून राहिले. मी ताईचा हात धरून बसलो. दहा वाजून पाच मिनिटांनी ती गेली. फार त्रास झाला नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

तू विचारलंस की कागद देताना माझ्या मनात काही आलं का. आलं. ती मुलगी वाचत होती तेवढा वेळ मला एकच वाटत होतं, की हिला यात काहीतरी चूक सापडावी, तारीख नाही, सही जुळत नाही, काहीही, आणि तिने तो कागद मला परत करावा.

चूक नव्हती. ताईने स्वतः भरलेला होता.

जेवत जा. लोभ ठेव.

बाबा