रकान्यात शून्य हवं होतं

प्रिय घुम्या,

आठ महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आईंचा गुडघा आता बरा आहे. धाकटीचे पुढचे दोन दात पडले. बाबाला दाखवायचे म्हणून तिने ते काडेपेटीत जपून ठेवलेत, आणि मला हात लावू देत नाही.

ऑफिसात गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची तक्रार आली आणि मी चार दिवस कंपायलर उसवत बसले. आईंना समजावलं ते असं: तुमचा लेक प्रोग्रॅम लिहितो, माझा कंपायलर तो यंत्राला समजेल असा करून देतो. प्रोग्रॅममधलं स्ट्रक्चर म्हणजे रकान्यांचा फॉर्म. जे रकाने लिहिणाऱ्याने भरले नाहीत, तिथे कंपायलरने शून्य टाकायचं. आमचा कंपायलर पठ्ठ्या मात्र फॉर्मच्या आत फॉर्म आला की हे विसरायचा, आणि आधीच्या कामाचा जो आकडा तिथे पडलेला असेल तोच राहायचा. आईंनी एवढंच विचारलं, मग माझ्या लेकाचं काय चुकलं होतं?

तुझ्या प्रोग्रॅमवर चालणारं डेअरीतलं यंत्र थांबलंच नाही, पिशव्या फुटून फरशीभर दूध झालं, त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये तूही हेच म्हणाला होतास. तेही किती हळू आवाजात! एकदा कंपायलर तपासून बघा, बस्स. आणि मी, तुझी बायको, बारा जणांसमोर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे खो खो हसले. तू राजीनामा दिलास आणि बॅग भरून तुझ्या थोरल्या दादांकडे निघून गेलास. मला वाटलं, येईल दोन दिवसांत. कसली मेली माझी जीभ!

दुरुस्ती फक्त चार ओळींची निघाली. आधी सगळीकडे शून्य, मग दिलेले आकडे. तुझा जुना प्रोग्रॅम एका अक्षराचाही बदल न करता चालवला. पिशवी भरली की यंत्र बरोबर थांबत होतं. मी वेड्यासारखी बघत बसले.

मग ती चूक मुळात कुणी केली, ते जुन्या नोंदींत शोधलं. मीच रे. काल त्याच बारा जणांसमोर ते सांगितलं. कुणी हसलं नाही. साहेब तुला परत बोलावणार आहेत. त्यांना म्हटलं, चार दिवस थांबा, आधी माझं पत्र पोचू दे. चुकले मी. तुझ्यावाचून करमत नाही मला. कामावर यायचं की नाही, ते तू ठरव. घरी ये.

तुझीच,
भांडकुदळ