वाटी संपेपर्यंत

३ नोव्हेंबर
खोली झकास मिळाली. वरचा मजला, पूर्वेला खिडकी, भिंतीवर अकरा घड्याळं, सगळी सव्वाचारला बंद पडलेली. आधी इथे एक घड्याळजी राहायचा. मालकीणबाईंना मी विमा एजंट असल्याचं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या की चेहरा धंद्याला शोभतो. छत्री त्यांनी स्वतः माझ्या हातातून घेऊन दाराशेजारी ठेवली.

वही माझीच आहे, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मी मृत्यू. जगाच्या आरंभापासून एकच नोकरी, रजा एकही नाही. रोज पहाटे डाव्या पानावर त्या दिवसाची नावं उमटतात. मी जातो, छत्रीचं टोक कपाळाला टेकवतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांशी यादी ताडून पाहतो आणि मगच नावं पुसतो. पुसलं की नाव माझ्या डोक्यातूनही जातं. नाहीतर एवढी नावं ठेवायची कुठे?

गेल्या आठवड्यात निधनवार्तांत या घड्याळजीचा फोटो होता, आणि वहीत त्याचं नाव नव्हतं. माणूस मला न विचारता परस्पर गेला. घड्याळजी मेल्याचं दुःख नाही, पण लोक सोकावतात. ज्याने हे केलं तो सापडू दे, त्याला मी एका झटक्यात नेणार नाही. चांगला तासभर छत्री रोखून उभा राहीन.

४ नोव्हेंबर
कामाच्या घरी मी पाणीसुद्धा घेत नाही. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं. मग त्या घरातल्या कोणाला नेता येत नाही. पण या घरातलं कोणीच यादीत नाही, तेव्हा बिघडलं काय? मालकीणबाईंनी वाटीभर गरम सूप आणलं. मी नको म्हटलं, तर त्यांचं म्हणणं असं की उपाशी भाडेकरू घराला शोभत नाही. अशी चव मी कधी घेतली नव्हती. दुसरी वाटी मीच मागितली.

७ नोव्हेंबर
तपास जोरात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं की घड्याळजीचा दाखला त्यांनी दिलेलाच नाही. शववाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला की या घरातून त्याने कोणाला उचललंच नाही. म्हणजे खुन्याने प्रेतही लपवलं. मोठा बेरकी दिसतोय, पण माझ्यापासून पळून कोणी कुठवर जाणार?

जेवण वेळच्या वेळी मिळतं. बाई समोर बसून वाढतात आणि मी शेवटचा घास घेईपर्यंत उठत नाहीत. आज डाव्या बाजूची दाढ दुखली. मला दाढा आहेत हे माहीतच नव्हतं.

९ नोव्हेंबर
कानाजवळ एक पांढरा केस सापडला. जिना चढताना धाप लागली. सलग तिसऱ्या दिवशी डावं पान कोरं. सगळं जग धडधाकट झालं की काय?

छत्री दाराशी नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या की वाळत घातली आहे. पाऊस तर पडलेला नाही.

१२ नोव्हेंबर
घड्याळजी सापडला. स्वयंपाकघरात बसून पावाला लोणी लावत होता. चांगला जिवंत, गुबगुबीत. तो मालकीणबाईंचा सख्खा भाऊ. निधनवार्ता त्यानेच छापून आणली होती. माझ्या नकळत कोणी मेलंच नव्हतं. लहान मुलालाही कळली असती एवढी सोपी गोष्ट.

बाई शांतपणे भाजी चिरत होत्या. त्यांनी सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी मी याच खोलीत आलो होतो. दुपारी सव्वाचारला. त्यांची मुलगी सात वर्षांची होती, तापाने फणफणलेली, त्यांच्या हातून सूप पीत होती. तेवढी वाटी संपेपर्यंत थांबा, अशी त्यांनी गयावया केली. मी म्हणे उत्तर दिलं की मला मरायला फुरसत नाही. त्यांनी पाणी विचारलं, तेव्हा मिठाचा नियमही मीच ऐकवला. त्या दिवसापासून त्या माझ्यासाठी सूप करायला शिकत होत्या.

भाऊ एवढंच बोलला की जो मीठ खातो तो मरतोही.

मला काहीच आठवत नाही. तेच बाईंना सर्वांत जास्त लागलं.

१३ नोव्हेंबर
आज डाव्या पानावर एकच ओळ आहे. वरची खोली, भाडेकरू.

मला न्यायला येणार कोण, असं विचारलं. बाई म्हणाल्या की छत्री आहे ना.

भीती वाटते. मी किती जणांना म्हटलं असेन की घाबरू नका, काही होत नाही. काय माहीत होतं मला?

१४ नोव्हेंबर, सकाळ
बाईंनी एक सवलत दिली. मुलीचं नाव सांगितलं तर छत्री परत. सूप येईल, वाटी संपेपर्यंत त्या थांबतील. मी थांबलो नव्हतो, त्या थांबतील.

सकाळपासून वही चाळतोय. सगळं पुसलेलं. मीच पुसलेलं.

दुपार, चार
सूप आलं. आज वाटी वेगळी — लहान, एका बाजूने चेपलेली. तिची.

बाई म्हणाल्या की वाटीच्या तळाशी आत तिचं नाव कोरलंय. नाव दिसेपर्यंत रोज सगळं प्यायची. त्या दिवशी अर्ध्यावर राहिलं.

म्हणजे नाव इथेच आहे. सुपाखाली. आणि वाटी संपली की —

चमचाच बुडवला नाही तर? पण बाई म्हणतात की वाटी अर्धी राहिली तरी, तेव्हासारखं सव्वाचारला मला न्यायलाही त्यांची ना नाही. भाऊ घड्याळांना चावी देतोय — सगळी चालू झाली —

चार दहा. अर्धी वाटी. एक रेघ दिसते.

अजून दोन चमचे — बाई उठल्या — छत्रीचं टोक किती गार असतं, कोणी कधी सांगितलं नाही —

पहिलं अक्षर — दुसरं —

बाई, थांबा, दिसलं, लिहितो, तिचं नाव