मास्तर का पडले, हे लिहून ठेवतो

मी खाली सही करणार, धंद्यानं सुतार, वय एकाहत्तर पूर्ण, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी सकाळी नाडी पाहिली, चार प्रश्न विचारले, आज वार कोणता हेही विचारलं. मी म्हटलं, "वार मी विसरत नाही हो, तोच तर त्रास आहे." कुणाच्या दडपणाखाली, नशेत किंवा कुणी फूस लावल्यानं मी हे लिहीत नाही. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात सगळं कायदेशीर होतं, फक्त खरं नव्हतं.

कलम पहिलं. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. आजारपणात मुलीनं केलं आणि मुलानं फोन केले, हे मला माहीत आहे. तरीही निम्मी निम्मी. कुणाचं माप काढायला मी लायक माणूस राहिलेलो नाही. का, ते पुढे येईल.

कलम दुसरं. माझी हत्यारं, म्हणजे रंधे, पटाश्या, तिन्ही करवती आणि पेटी, मुलींना सुतारकाम शिकवणारी जी नवी शाळा निघाली आहे तिला द्यावीत. चिरंजीवांना देऊ नयेत. ते प्लायवूडच्या शोरूममध्ये मॅनेजर आहेत, त्यांना बिजागरीचा स्क्रू पिळायलाही माणूस लागतो. लहान रंधा अकरा वर्षांपूर्वी शेजारचा चष्मेवाला "आत्ता आणून देतो" म्हणून घेऊन गेला. तो त्यानंच ठेवावा. पण धार लाव म्हणावं, माझी लाज काढू नकोस. एक पहार मात्र यातून वगळली आहे, तिचं कलम वेगळं.

कलम तिसरं. घराबद्दल लिहिण्याआधी निवडणुकीबद्दल लिहावं लागतं, कारण हे घर पुरतं माझं झालं ते निवडणुकीमुळे.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डातून मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवणारे, माझे लहानपणापासूनचे मित्र. निम्म्या वॉर्डाचे कान त्यांनी पिळलेले, आणि ज्यांचे पिळले तेच प्रचारात पुढे. समोर उभा होता सिमेंटवाला. त्याचं डिपॉझिट वाचलं तरी पुष्कळ, असं लोक तोंडावर म्हणायचे. प्रचाराची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. खालच्या आळीची जबाबदारी माझ्या धाकट्या भावाची. तो कारखान्यात फिटर, याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचा. त्या आळीतला एक नळ असा नसेल की ज्याला त्याचा हात लागला नाही. आळीची दोनशे मतं मास्तरांची, ही काळ्या दगडावरची रेघ.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी विजयसभेचं स्टेज उभं केलं. मास्तर म्हणाले होते, "अरे, आधी मतं तर पडू देत." पण हौस माझी, कुणाचं ऐकतो! शाळेसमोर सपाट जागा एकच, ती म्हणजे खालच्या आळीचं तोंड. स्टेज बांधायचं ते नट-बोल्ट आणि पाचरींवर, म्हणजे दोन माणसं दहा मिनिटांत मोकळं करतात. जन्मभर मी तसंच बांधलं. त्या दिवशी मात्र चार इंची खिळे ठोकले, एकेका फळीला सहा सहा. मास्तरांना खांद्यावर घेऊन पन्नास जण वर चढणार होते, आणि माझं स्टेज हललं असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. आळीत जायला कडेनं एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट ठेवली. आळीतल्या बायका सांगायला आल्या, "दादा, दोन फळ्या तरी काढा." मी हसलो. म्हणालो, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तुमचेच मास्तर आहेत ना?"

दुपारी तीनच्या सुमारास आळीतल्या इस्त्रीवाल्याच्या बायकोला दम्याचा झटका आला. वय चाळीस. ॲम्ब्युलन्स आली आणि स्टेजपाशी अडली. ऑक्सिजनची टाकी गाडीला जखडलेली, आणि स्ट्रेचर काही त्या फटीतून जाईना. धाकटा घरातून पहार घेऊन धावत आला आणि पहिलीच फळी उचकटायला लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"दादा, सोड! बाई मरतेय तिकडे!"

"नाटकं आहेत ही सिमेंटवाल्याची," मी म्हणालो. "स्टेजला हात लावायचा नाही."

मी अंगानं मोठा. पहार त्याच्या हातातून ओढून घेतली. शेवटी आळीतल्या माणसांनी तिला खाटेवर घालून मागच्या नाल्याच्या वाटेनं नेलं, पाव तासाचा वळसा पडला. गाडी फिरून तिकडे पोहोचली तेव्हा तिला टाकीची गरज उरली नव्हती. मला कळलं तेव्हा मी एकट्यानं स्टेज उतरवलं. खिळे निघता निघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मतदान. आळीतली निम्मी माणसं तिला पोचवायला गेली. उरलेली रांगेत उभी राहिली आणि कुणाशी चकार शब्द न बोलता सिमेंटवाल्याला मत देऊन आली. मास्तर एकसष्ट मतांनी पडले.

निकालाच्या दिवशी मास्तरांच्या अंगणात सगळे जमले. खालच्या आळीनं दगा दिला, म्हणजे फिटरनं दिला, हे ठरायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. प्रचार कचेरीच्या खिडकीतून कार्यकर्त्यांना आम्ही दोघे भाऊ झोंबताना दिसलो होतो. गाडी शाळेच्या कोपऱ्याआड होती, ती तिथून कुणाला दिसली नव्हती. कुणीतरी म्हणालं, "पहार घेऊन स्टेज मोडायला गेला होता तो, डोळ्यांनी बघितलं!" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का रे?"

मी म्हणालो, "हो. पहार घेऊन आला होता."

एवढंच बोललो. त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

धाकटा दाराशी उभा होता. त्यानं तोंड उघडलं असतं तर मी तिथंच संपलो असतो. तो बोलला नाही. मी बोलेन म्हणून थांबला असावा, असं मला वाटतं. खालची आळीही कधी बोलली नाही. मतं मागायला आम्ही तिथं सात वेळा गेलो होतो. मतं का गेली, हे विचारायला एकदाही कुणी गेलं नाही.

त्याच्या खिडकीवर दगड आले. बाजारात लोक त्याच्याकडे पाहून थुंकायला लागले. महिन्याभरात त्यानं दुसऱ्या गावी नोकरी धरली आणि घरावरचा हक्क माझ्या नावे सोडून दिला. सही करताना त्यानं एकच विचारलं, "दादा, तू सांगशील ना कधीतरी?"

"जरा शांत होऊ दे," मी म्हणालो. बावीस वर्षं सगळं शांतच आहे.

कलम चौथं. निम्मं घर त्याचंच होतं, ते देणं म्हणजे काही देणं नव्हे. म्हणून माझा निम्मा हिस्साही त्यालाच. पूर्ण घर, पुढची सुताराची खोली आणि मागची मोरी धरून, माझ्या धाकट्या भावाचं. चिरंजीव कोर्टात जाणार असतील तर खुशाल जावं. तिथं तिसरं कलम मोठ्यानं वाचलं जाईल, तेवढंच आणखी चार माणसांच्या कानावर जाईल.

कलम पाचवं. वर वगळलेली पहारही धाकट्याची. ती त्याच्या हातातून घेतली होती, हातातच द्यावी.

कलम सहावं. मी झोपतो तो पलंग त्या स्टेजच्या फळ्यांचा आहे. खिळ्यांची भोकं मी बुजवली नाहीत. बायको जिवंत होती तोवर चिडवायची, "एवढा नावाजलेला सुतार, आणि स्वतःच्या पलंगाला भोकं!" तिलाही मी सांगितलं नाही. पलंग कुणाला देऊ नये, विकू नये. मोडून जाळावा.

कलम सातवं. मास्तरांना मी मालमत्तेतलं काहीही देत नाही. त्यांना उत्तर देतो. बावीस वर्षं ते वहीत बूथवार आकडे मांडून बसतात, आणि मी भेटायला गेलो की चष्म्यावरून बघत विचारतात, "माझं नेमकं काय चुकलं रे?" मास्तर, तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला मी गणितच चुकीचं घातलं. तुम्ही माझ्या भावाशी बावीस वर्षं बोलला नाहीत, ते माझ्यामुळे. मला याची शरम वाटते, आणि रोज वाटते.

कलम आठवं. हा कागद माझ्या मृत्यूनंतर मास्तरांच्या अंगणात, भर दिवसा, सगळ्यांसमोर वाचावा. खालच्या आळीला आधी बोलवावं आणि पुढे बसवावं. धाकट्याला पत्र घालून आणवावं. व्यवस्था डॉक्टरांनी बघावी. ते म्हणाले, "मग आत्ताच का सांगत नाही?" खरं लिहितो, हिंमत होत नाही.

दुरुस्ती पहिली. साक्षीदार म्हणून मी इस्त्रीवाल्याला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते. तो म्हणाला, "मी वाचणार." उभ्यानंच वाचलं त्यानं, बसला नाही. मग तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. "चाळीस नव्हती हो ती. अडतीस. एवढं नीट करा, मग सही करतो." त्याप्रमाणे अडतीस वाचावं. मी विचारलं, "बाकी?" तो म्हणाला, "बाकी बरोबर आहे. माफ केलं असं मात्र कुठं लिहू नका." तसं कुठंही लिहिलेलं नाही.

दुरुस्ती दुसरी. कलम आठमधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी आत्ता स्वतःच्या हातानं खोडले आहेत. वाचन येत्या रविवारी सकाळी दहा वाजता. धाकट्याला पत्र आजच्या टपालानं जाईल. वाचणारा मी.

लिहून देणार: सुतार (सही)

साक्षीदार पहिला: खालच्या आळीतला इस्त्रीवाला (सही)
साक्षीदार दुसरा: डॉक्टर (सही)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली, जी आता माझी नाही.
दिनांक: मतदानाच्या आदल्या त्या दिवसाला बावीस वर्षं झाली तो मंगळवार, दुपारी तीन.