जावयाच्या हातच्या गोळ्या

अकोला, ६ जुलै २०२४

चि. माधवीस, दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर हल्ली जीभ जड पडते, म्हणून पत्र. अमरावतीत औषधनिर्माणशास्त्र शिकवून निवृत्त झालीस, तरी थोरल्या भावाचे अक्षर तपासण्याची तुझी खोड गेली नसेल. या वेळी ते जरा हलले आहे. गुण कापू नकोस.

तुझी वहिनी गेल्यापासून माझा मेंदू गंजत चालला आहे. परवा बाजारातून परतलो आणि शेजारच्या नत्थुजींच्या दाराला माझी किल्ली लावत बसलो. ते म्हणाले की गुरुजी, घर भुलले काय जी! सारी गल्ली हसली, मीही हसलो. आता जठारपेठेतले हे घर बंद करायचे ठरले आहे. प्रणाली आणि अनुपरावांनी तुमच्या अमरावतीतला, मोर्शी रस्त्यावरचा एक वृद्धाश्रम पाहून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात जाईन. लेक म्हणते ते योग्यच असेल. जावई डॉक्टर, दर रविवारी स्वतःच्या हाताने गोळ्या आणून देतात. असे भाग्य किती सासऱ्यांचे?

लोभ आहेच, मी तिकडे आल्यावर तो वाढव.

तुझा देवरावदादा

अमरावती, ११ जुलै २०२४

ती. दादांस, माधवीचा सविनय जयभीम. वि. वि.

अक्षराचे दोन गुण कापले आहेत. आता जरा वर्गात बसा.

नत्थुजींकडून तुमच्या गोळ्यांचे फोटो मागवले. एक झोपेची, दुसरी खाजेची, तीही गुंगी आणणारीच. दोन्ही जुन्या वळणाच्या. आता गंमत पाहा. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात आणि आठवण टिकते ती या निरोपांच्या ये-जा करण्यावर. या गोळ्या त्यांतला एक महत्त्वाचा निरोप्या वाटेतच अडवतात. तरुण शरीर औषध लवकर बाहेर टाकते. सत्तरीनंतर यकृत आणि मूत्रपिंड मंदावतात. कालची मात्रा पुरती निघालेली नसताना आजची येऊन पडते. मग जीभ जड होते, हात हलतो, माणूस घर भुलतो. आणि तिसरी गोळी कशाची, तर स्मरणशक्तीची! ती त्याच निरोप्याला पुढे ढकलते. एका गाडीला पुढेही बैल आणि मागेही बैल, अशी तुमची गत झाली आहे. पहिल्या दोन गोळ्या वयस्करांना देणे टाळावे, हे मी दरवर्षी शिकवत असे.

तेव्हा तुमचा मेंदू गंजला, हे मला तूर्त मान्य नाही. पण गोळ्या एकदम सोडू नका. झोपेची तर पायरी-पायरीनेच उतरवावी लागते. सोमवारी येते, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ. तोवर वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही नको. जावयाला उलट प्रश्न विचारणे आपल्या घरात बसत नाही, हे ठाऊक आहे. म्हणून तुम्ही विचारू नका. मी विचारीन.

सही न केल्यास लोभ दुप्पट.

माधवी

अकोला, २० जुलै २०२४

ती. आत्यास, प्रणालीचा सविनय जयभीम.

तुम्ही अनुपना विचारलेत, पण उत्तर माझ्याकडे होते. आई गेल्यावर बाबा रोज संध्याकाळी फोन करत. हळद कुठे असते, दूध किती तापवायचे. सांगून ठेवले की थोड्या वेळाने पुन्हा तेच. नोकरी, मुलांचा अभ्यास आणि त्यात हा फोन. मीच अनुपना म्हटले की बाबांना लवकर झोप लागेल असे काहीतरी द्या. ते म्हणाले की या वयात ही गोळी बरी नाही. मी म्हटले, थोडे दिवस.

फोन थांबले, आत्या. त्या शांततेची मला सवय झाली. पुढे बाबा विसरू लागले, तेव्हा कारण आम्हा दोघांनाही दिसत होते. पण वय झाले म्हणणे सोपे होते.

बाबांना एवढे सांगू नका. लोभ मागण्याचा अधिकार उरला नाही, तरी मागते.

प्रणाली

अकोला, ८ सप्टेंबर २०२४

चि. माधवीस, दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

खाजेची गोळी गेली, झोपेची शेवटच्या पायरीवर आहे आणि स्मरणशक्तीचीही गरज नसल्याचे नवे डॉक्टर म्हणाले. वृद्धाश्रमाला नकार कळवला. मी याच घरात राहणार.

माझे डोके थाऱ्यावर येईपर्यंत थांबून तू प्रणालीचे पत्र माझ्या हाती दिलेस. ते द्यायला नको होते, असे काही दिवस वाटले. मग पटले, की औषध ज्याच्या पोटात गेले त्याला कारण कळलेच पाहिजे. जावयांवर मी रागावलो आहे; त्यांचे शिक्षण त्यांना बजावत होते. प्रणालीवर मात्र धड रागावताही येत नाही. मी एकटा पडलो होतो, एवढाच माझा आजार होता, आणि तो तिला ठाऊक होता.

काल ती आली. वरणफळं करून आणली होती, वर लसणाची फोडणी. ताट वाढले. मी थट्टेने म्हटले की आधी तू खाऊन दाखव. ती हसली नाही. माझ्या ताटातला पहिला घास तिने घेतला. आणि माधवी, तो तिच्या घशाखाली उतरेपर्यंत मी खरोखरच थांबलो.

तुझा लोभ असाच निर्धास्त राहो.

देवराव