हजार तासांची थंडी

भांडुप, ता. ६ ऑक्टोबर १९८५

चि. सौ. पद्मजा हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

तू पाठवलेली सफरचंदांची पेटी गणपतीच्या आदल्या दिवशी पोचली. बाबांनी ती पार्सल ऑफिसातून खांद्यावर आणली आणि वाटेत भेटेल त्याला जावयाच्या बागेतली आहेत म्हणून सांगत आले. घरी येईस्तोवर अर्धी चाळ दारात उभी. गणपतीवर टांगायच्या माटवीत नारळ, सुपारी, कवंडाळं यांच्या मधोमध तुझी पाच सफरचंदं बांधली. सगळे म्हणाले, झकास दिसतंय. मला मात्र वर बघवेना. लग्न होऊन तू शिमल्याकडे गेलीस त्याला पाच गणपती झाले. पाचही वर्षं फळं आली, तू आली नाहीस. आरतीला तुझा भाऊ सहदेव एकटाच बेसूर ओरडत होता.

आता मुद्द्याचं. पहिल्या पेटीतल्या बिया मी तुझ्या सांगण्याप्रमाणे ओल्या फडक्यात गुंडाळून शेजारच्या मालनच्या फ्रीजमध्ये, बांगडे-सुरमईच्या बाजूला, दोन महिने ठेवल्या होत्या. त्यातली एक उगवली. ते झाड आता नळापाठच्या पिंपात माझ्या कमरेला लागतं. ताकाचं पाणी घालते, मासळी धुतलेलं पाणी घालते, तरी अजून एक फूल नाही. तूच लिहिलं होतंस की आई, तुझं झाड धरेल त्या वर्षी मी गणपतीला येणार आणि पहिलं फळ माझ्या हाताने माटवीला बांधणार. ते पत्र मी डब्यात जपून ठेवलंय. तेव्हा नीट सांग, सफरचंद किती वर्षांनी धरतं? त्याला जोडीला दुसरं झाड लागतं का? बियांचं झाड आपल्या रायवळ आंब्यासारखं आंबट निघतं का? निघालं तरी चालेल, देव काही तोंड वाकडं करत नाही. काय करायचं ते लिही, मी करते.

जावयांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. लोभ पाठवत राहा, इथे आम्ही तो पुरवून पुरवून वापरतो.

तुझी आई,
शेवंती


देवठी, जि. शिमला, ता. ३० ऑक्टोबर १९८५

ती. सौ. आईस पद्मजाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझे प्रश्न वाचून हे खूप हसले. म्हणाले, मुलुंडच्या बँकेत होतो तेव्हा सासूबाईंनी अशी परीक्षा घेतली असती तर मी नापासच झालो असतो. खरंच आहे. थोरले दीर गेले आणि यांना नोकरी सोडून बागेवर यावं लागलं, तेव्हा फांदी कुठली ठेवायची नि कुठली छाटायची हेही यांना कळत नव्हतं. आता कळतं.

तर उत्तरं घे. बियांचं झाड धरायला सात-आठ वर्षं सहज घेतं, कलमी असेल तर चार-पाच. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, तसंच इथेही, फळ कसलं येईल ते झाडालाच ठाऊक. जोडी लागते. लाल रॉयलच्या ओळीत आम्ही मधेमधे पिवळं गोल्डन लावतो, आणि फुलांच्या दिवसांत मधमाश्या फिरल्या पाहिजेत. आणि त्याला थंडी लागते. हिवाळ्यात पानं गाळून ते झोपतं. हात बधिर करणारी थंडी हजारेक तास मिळाली की वसंतात त्याला जाग येते, मग फूल. तेव्हा भांडुपात बर्फ पडू दे, मग बघ कसं लगडतं ते!

चतुर्थीला मी दिवसभर पेट्यांत गवत भरत होते. अकराच्या सुमारास वाटलं, आता आपल्याकडे भटजी आले असतील. गवत भरता भरता हात जोडले. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं मी गवत झटकतेय.

बाबांना सांग, खोकल्याचं औषध विसरू नका. इथे थंडी आहे, तुझी माया ऊब देते, ती येऊ दे.

तुझी,
पद्मजा


भांडुप, ता. २६ जानेवारी १९८६

चि. सौ. पद्मजास आशीर्वाद.

तुला हसू येणार, म्हणून आधी हसून घे. झाड मेलं.

तुझं पत्र आल्यापासून मला एकच सुचत होतं. थंडी इथे नाही, पण बर्फ तर मिळतो. डिसेंबर लागला तशी बाजारातल्या मासेवालीशी बोलून ठेवलं. बाजार उठला की तिच्या टोपल्यांत उरलेला बर्फ आणायचा, पिंपात बुंध्याभोवती रचायचा, वरून गोणपाट. हजार तासांचे दिवस किती ते सहदेवाकडून काढून घेतलं आणि कॅलेंडरवर रेघा ओढल्या. पंधराव्या दिवशी पानं गळाली. मी चाळभर सांगत सुटले की झोपलं, झोपलं. नळावर भांडणाऱ्या बायकांना हळू बोलायला लावलं. मग साल काळी पडली. मालन म्हणाली, अगं बाये, मासळीच्या बर्फात मीठ मारलेलं असतं, तू त्याचं खारवण घातलंस.

मी रडत बसले तेव्हा बाबांनी तोंड उघडलं. मिल बंद पडल्यापासून ते आरेच्या रोपवाटिकेत जातात हे तुला माहीत आहे. तिथल्या साहेबांना त्यांनी दोन वर्षांपूर्वीच विचारलं होतं. हे झाड मुंबईत जगलं तरी धरायचं नाही, असं साहेब म्हणाले होते. बाबांनी मला सांगितलं नाही, कारण त्याला पाणी घालताना मी गाणं म्हणते म्हणे. त्यांचं मी समजू शकते. पण पदू, आरेत बसलेल्या माणसाला जे ठाऊक, ते सफरचंदाच्या बागेत राहणाऱ्या तुला ठाऊक नव्हतं?

धरणारच नाही असं झाड दाखवून तू मला आशेला लावलंस. चार वर्षं मी त्याचं एकेक पान मोजलं. यायचं नव्हतं तर तसं लिहायचं होतंस. मी तुला काही परकी नव्हते.

बाकी सगळे बरे आहेत. लोभाचं तुझं तू बघ.

आई


देवठी, ता. २० फेब्रुवारी १९८६

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

ठाऊक होतं, आई. पहिल्या दिवसापासून.

बी उगवली त्या वर्षी तू एका पत्रात चार वेळा विचारलं होतंस, गणपतीला कधी येतेस. सफरचंद आणि गणपती एकाच वेळी येतात, याला मी काय करू? वर्षाची सगळी मेहनत त्या महिन्यात झाडावर लटकत असते. तोडायला उशीर झाला की खाली. सासूबाई गुडघ्यांनी जागेवर बसलेल्या, माणसं मिळत नाहीत, पेट्या भरायला मी आणि दोन बायका. मी जाते म्हटलं तर हे नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच मला म्हणता येत नाही. एकदा जानेवारीत आठ दिवस आले, तर तू मला पाहुणीसारखं पाटावर बसवलंस आणि गणपतीत आली असतीस तर, हेच आठही दिवस म्हणत राहिलीस. येणार नाही असं लिहायला हात होईना, म्हणून गंमत लिहिली. वाटलं, वाचशील आणि हसशील. तू बर्फ आणशील हे मला कळायला हवं होतं, तुझ्याच पोटची मी.

आता खोटं लिहिणार नाही. याही वर्षी मला येता येणार नाही. झाडाचं वाईट वाटतंय. रागाव, पण पत्र लिही. तुझं पत्र नसलं की इथे टपालवाला आला काय नि गेला काय.

तुझी,
पदू


देवठी, ता. २ मे १९८६

ती. सौ. आईस सा. न.

तू अजून लिहिलं नाहीस, तरी मी लिहितेय. २६ एप्रिलला दुपारी गारा पडल्या. वीस मिनिटं. फुलं गळून नुकती बोराएवढी फळं धरली होती. आता झाडाखाली नुसता हिरवा सडा आहे, फांद्यांची सालसुद्धा सोलून निघाली. हे बागेत फिरतात, एखादं फळ उचलतात, बघतात आणि खिशात टाकतात. त्यांचे खिसे रोज मीच रिकामे करते. सासूबाई काठी टेकत शेजारच्यांकडे जाऊन आल्या, त्यांचीही तीच गत आहे.

यंदा तोडायला काही नाही. पेट्या मागवायच्या नाहीत, माणसं बघायची नाहीत. काल यांनीच विषय काढला. म्हणाले, निदान तू तरी यंदा गणपतीला घरी जा. सात सप्टेंबरला चतुर्थी आहे. मी एक तारखेला निघते.

बाबांना आणि सहदेवाला सांग. राग असेल तर मी येईपर्यंत राखून ठेव.

पद्मजा


भांडुप, ता. १४ मे १९८६

चि. सौ. पद्मजा हिस अनेक आशीर्वाद, आणि जावयांनाही. त्यांना ते कुठल्या तोंडाने देऊ ते कळत नाही.

शिमग्याला आम्ही गावी गेलो होतो. देवळात सगळ्यांची गाऱ्हाणी घालतात, तेव्हा मी तुझ्या नावाने गुरवाच्या हाती नारळ दिला. सांगितलं की माझ्या लेकीला यंदाच्या गणपतीत मोकळी कर. कशी मोकळी कर ते काही सांगितलं नाही. मला वाटलं, ते बघायचं काम देवाचं. गुरवाने खणखणीत आवाजात मागणं घातलं आणि अख्ख्या गावाने होय महाराजा म्हटलं. बाबांनीसुद्धा. त्याला महिना झाला आणि तुमच्याकडे गारा पडल्या.

तुझ्या पत्रात मला आधी शेवटच्याच ओळी दिसल्या. मी तशीच बाहेर धावले आणि मालनला ओरडून सांगितलं की पदू येतेय. नंतर आत येऊन वरचं वाचलं. जावई ती फळं खिशात घालतात हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. एका माणसाने नोकरी सोडून जे उभं केलं, ते मी एका नारळावर झोडपून काढलं. गाऱ्हाणं मागे घेता येतं का, म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, पडलेल्या गारा वर जात नाहीत, आता गप बस.

तू येऊ नकोस, नवऱ्याजवळ राहा, असं लिहायला बसले होते. तीन कार्डं फाडली. नाही लिहवत गं. मला आनंद झालाय आणि त्याची लाज वाटते, दोन्ही एकदम. जावयांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी आई


देवठी, ता. ३० मे १९८६

ती. सौ. आईस पद्मजाचा नमस्कार, यावेळी जरा जवळून.

तुझ्या देवाची हद्द आपल्या गावाच्या वेशीपर्यंत. इथले देव वेगळे, ते डोंगरावरून पालखीत बसून येतात आणि त्यांना मालवणी समजत नाही. गारा इथे दर दोन-चार वर्षांनी पडतात, तू नारळ दिलास तरी आणि नाही दिलास तरी. तेव्हा जेव.

यांना मी काही सांगितलेलं नाही. तुझंही नाही आणि माझंही नाही. माझं तुला सांगते, कारण तू एकटीच अपराधी होऊन बसली आहेस.

त्या दुपारी पत्र्यावर गारा वाजायला लागल्या तेव्हा सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. हे डोक्यावर घमेलं धरून बागेत पळाले, तिथे काय करणार होते कुणास ठाऊक. मी दारात उभी होते. समोरच्या झाडाची पहिली फांदी मोडून खाली आली आणि माझ्या मनात आलं, आता गणपतीला जाता येईल. बागेचं नंतर आलं, यांचं त्याच्याही नंतर. आधी तेच आलं. त्या क्षणी मी हसलेही असेन, मला नक्की आठवत नाही. मग धावत गेले, यांना हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांबरोबर रडले. ते रडणं खोटं नव्हतं. पण पाच वर्षं मला वाटत होतं की मी आता इथली झाले.

एक तारखेला निघते, तीनला पोचेन. स्टेशनवर बाबांनी येऊ नये, सहदेव पुरे. मी आले की तू मला बागेचं काही विचारू नकोस, मीही तुला गावच्या देवळाचं विचारणार नाही. पेटी येणार नाही, मी एकटीच येणार आहे.

लोभ असावा असं लिहायची आपल्या दोघींना सोय उरली नाही, तो जरा जास्तच झालाय.

तुझीच,
पदू