मोडायला हवी होती ती नमाज

धाकट्या,

सलाम. काल फोनवर तू म्हणालास, "आपा, तू अम्मीजवळ आहेस म्हणून मी इथे निर्धास्त आहे." मी नुसतं "हं" म्हणून फोन ठेवला. हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

अम्मी न्हाणीघरात पाय घसरून पडली, हे खरं. मी तेव्हा बाजारात होते, हे खोटं. मी शेजारच्या खोलीत नमाज पढत होते. रोजची सक्तीची फर्ज नव्हे, सकाळी उशिराची, आपल्या खुशीची नफल नमाज. अम्मीने हाक मारली, "अगं, उठव मला, जायचंय." मी जमिनीला टेकलेलं कपाळ उचललं नाही, सजदा आणखी लांबवला. ती चिडली. "अल्लाकडे वेळच वेळ आहे गं, माझ्याकडे नाही!" मग ती एकटीच उठली.

आईने हाक मारली तर नफल नमाज मोडावी, हे मला ठाऊक होतं. मोहल्ल्यातल्या बायकांना मीच ते शिकवते. पण चाळीस दिवस ही नमाज चुकवायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि तो एकोणचाळिसावा दिवस होता.

अम्मी अजून बेशुद्ध आहे. शुद्धीवर आली तर तुला सगळं सांगेल. नाही आली तर तू जन्मभर माझे उपकार मानशील. सकाळपासून मी दुआसाठी हात पसरून बसले आहे. "अम्मीला बरं कर" एवढंच मागायचं आहे, आणि तेवढं म्हणतानाही माझी जीभ अडखळते आहे.

तुझी आपा