डाव्या अंगाने बसलेली गाडी

बाबा, मागच्या आठवड्यात माझी जीप डाव्या अंगाने बसली. रिकामी उभी होती, तरी मागचं चाक मडगार्डात शिरल्यासारखं दिसत होतं. डोंगरावरच्या वस्त्यांना मी रोपं आणि पाण्याच्या टाक्या पोचवते. रस्ता कसला, नुसते दगड. म्हणून गाडी मागून बसू नये यासाठी तुम्ही करायचात ते सगळं करते. जड सामान मागच्या चाकांच्या पुढे, दोन्ही अंगांना सारखं, आवळून बांधलेलं. हलकं तेवढंच टोकाला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांत एक जास्तीचा पाटाही टाकून घेतलाय. पण "पाटा वाढवला म्हून वजन वाढवाचं नसते" हे तुमचं बोलणं ड्रायव्हरला इतक्यांदा ऐकवलंय की आता तोच माझ्या आधी म्हणतो. तरी गाडी बसली, आणि पहिला संशय मला त्याचाच आला. रविवारी गाडी त्याच्या दारात होती. कोणाचे दगड वाहिले असतील याने?

ही खोड तुमची. सकाळी अंगणात तुम्ही जीपभोवती फिरताय, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये वीत धरून बघताय, आणि मामा पुसायचं फडकं घेऊन उभा आहे. आईचा हा धाकटा भाऊ तुमच्याबरोबर धाड गावापासून वरच्या गावांपर्यंत जीप चालवायचा, आपल्याच घरी जेवायचा. मी तेव्हा दहावीत होते. त्या सकाळी तुमची वीत डाव्या बाजूला मावली नाही.

"काल कोठी नेली होती गाडी?"

"कोठीच नाही, भाऊजी. दारातच तर होती."

"मंग बसली काऊन? आपोआप?"

"मले काय माहीत? पाटे खोलून पाहा ना."

"पाट्याले काय विचारू? तोंड तुले आहे."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मामाने किल्ली ओट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि गेला. लोणारला सासुरवाडी होती, तिथेच त्याने किराणा टाकला. पुन्हा आपल्या घराची पायरी चढला नाही. भाऊबीजेला आईच एसटीने जायची. ती परत आली की तुम्ही तिला काही विचारायचा नाहीत, नुसती पिशवी हातातून घ्यायचात.

बुलडाण्याला पाटे खोलले तेव्हा मी तुमच्यासोबत होते. मुख्य पाट्याला, पाटे आवळणाऱ्या पट्ट्याच्या खाली, भेग होती आणि आतून ती तांबडी झाली होती. कारागीर म्हणाला, "भेग जुनी आहे, लय दिवसांची. गंज पाहा ना आतून." तुम्ही त्या भेगेवरून अंगठा फिरवलात, बराच वेळ. मग म्हणालात, "दोन्हीकडचे बदला. एक नवा अन् एक जुना ठेवला तं गाडी कलतेच." घरी आईने विचारलं, काय निघालं? तुम्ही म्हणालात, "पाटे जुने झाल्ते." खोटं नव्हतं. पण मामाचं नाव त्यात नव्हतं, आणि पुढे कधीच आलं नाही. तेव्हापासून तुमच्याविषयी माझ्या मनात एक अढी बसली. तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही गप्प राहिलात, असंच मी धरून चालले.

या वेळी मी ड्रायव्हरला विचारायच्या आधी पाटे खोलले. मधला एक पाटा मोडलेला निघाला, तोही जुनाच मोडलेला. शेजारी उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मले वाटलं तुम्ही मलेच विचारसान."

"विचारणारच होते," मी म्हटलं. तो हसला, पण पुरता नाही.

गाडी तयार झाल्यावर मी तशीच लोणारला गेले. मामा आता थकलाय, दुकानात खुर्चीवर बसून असतो. मी त्याला बुलडाण्याला निघालेल्या त्या गंजलेल्या पाट्याचं सांगितलं. इतक्या वर्षांनी.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "तुहे बाबा आल्ते ना सांगाले. इथंच बसले. चुकलं म्हणे. चहा पेऊन गेले."

"मग तुम्ही परत का नाही आलात?"

"दुकान लागलं होतं, बाई." तो बरण्या उगाच पुढे-मागे करत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

बाबा, तुम्ही बाहेरचा चहा कधी प्यायला नाहीत. दुधाचासुद्धा तुम्हाला संशय. कधी आले होते? उन्हाळा होता की पावसाळा? सोबत कोण होतं? सगळे प्रश्न माझ्या जिभेवर होते. मेलेल्या माणसाची बाजू राखायला, की माझी समजूत घालायला, की खरंच, मामा कशासाठी ते बोलला, मला सांगता येणार नाही. मी एकही प्रश्न विचारला नाही. घरी येऊन आईला सांगितलं, बाबा लोणारला गेले होते, चुकलं म्हणाले. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं. "मी गेलोच नव्हतो," असं तुम्ही म्हणणार असाल, तर मला ते ऐकायचं नाही.